‘सर, ती आली की आपण परत चालायला लागणार’

ताई,

मी जिल्ह्याच्या गावी एका क्लबच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला अकरा वर्षं शिकवतोय. गेल्या वर्षापर्यंत आमचा सगळा खेळ एका मुलीभोवती फिरायचा. तिला इथे कावेरी म्हणू. वय २२, उंची पाच फूट अकरा इंच. आमच्याकडे अशी सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारी उंच खेळाडू, दहा वर्षांत एखादीच मिळते. जानेवारीत लेअप मारून, म्हणजे धावत येऊन उडी मारत रिंगजवळून चेंडू टाकून, खाली येताना तिचा डावा गुडघा गेला. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलं, महिनाअखेरीला ऑपरेशन झालं. माझ्याकडे उरल्या सगळ्या बुटक्या आणि चपळ मुली, म्हणून मी खेळच बदलला. पूर्ण कोर्टवर प्रेस, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून दाबायचं, आणि चेंडू हातात आला की पळायचं. त्यावर उन्हाळ्यात दोन स्पर्धा जिंकलो. आता नोव्हेंबरअखेर राज्य पातळीवरची स्पर्धा आहे. कावेरी म्हणते मी तयार आहे. तिचे वडील दिवसाआड फोन करतात. डॉक्टरांनी हलक्या सरावाला परवानगी दिलीय. पण परवा माझी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी मुलगी, सरळ म्हणाली, ‘सर, ती आली की आपण परत चालायला लागणार.’ तेव्हापासून झोप उडालीय. घेऊ की नको?

– एक प्रशिक्षक

सर,

आधी तुमच्या गार्डला माझ्याकडून शाबासकी द्या. सरांच्या तोंडावर असं बोलायला धाडस लागतं, आणि तुमच्या अख्ख्या पत्राचा गाभा त्या एका वाक्यात आहे.

‘घेऊ की नको’ असं तुम्ही विचारलंत खरं, पण मला त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात. कावेरीचे वडील विचारतायत, पोरगी बरी झाली ना? तुमची गार्ड विचारतेय, बरी झालेली पोरगी आपल्या आताच्या खेळात बसते का? पहिल्याला ‘हो’ आलं की दुसऱ्यालाही आपोआप ‘हो’ येईल असं तुम्ही धरून चाललेले दिसताय. तसं होत नाही. माझ्या आवडत्या संघाचं नेमकं याच गैरसमजापायी वाटोळं झालेलं मी बघितलंय.

फिनिक्स सन्स, अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला संघ. २००४ पासूनची तीन-चार वर्षं त्यांच्यासारखं कुणी पळत नव्हतं. प्रशिक्षक माइक डी’अँटोनी, हातात चेंडू स्टीव्ह नॅशच्या. नियमाप्रमाणे शॉट मारायला २४ सेकंद मिळतात, हे लोक सातच्या आत मारून मोकळे. २००४-०५ मध्ये ६२ सामने जिंकले, २००६-०७ मध्ये ६१. फायनल मात्र एकदाही गाठली नाही, कारण बहुतेकदा वाटेत उंचपुऱ्या टिम डंकनचा सॅन अँटोनिओ संघ उभा असायचा. दरवेळी तीच रड: आपल्याकडे उंची नाही, रिबाउंड (हुकून परत आलेले चेंडू) मिळत नाहीत, डंकनला अडवायला माणूस नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी तो माणूस आणला. शकील ओ’नील, ऊर्फ शॅक. सात फूट एक इंच, वजन दीडशे किलोच्या घरात, महिनाभरात छत्तिशी पुरी होणार, खुब्याचं दुखणं, आणि त्या मोसमात मायामीकडून जेमतेम ३३ सामने खेळलेला. त्याच्या बदल्यात काय दिलं? शॉन मॅरियन. चार वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात. समोरच्या गार्डलाही अडवायचा आणि गरज पडली तर सेंटरलाही, आणि ब्रेकमध्ये, म्हणजे चेंडू मिळताच पलीकडे धाव घेण्यात, सगळ्यांच्या पुढे असायचा. तो स्वतः नाराज होता, आपल्याला मान मिळत नाही म्हणायचा, हेही खरं. पण संघाचे पाय तो होता. ज्या दिवशी हा सौदा झाला त्या दिवशी सन्सच्या खात्यात ३४ विजय आणि १४ पराभव होते. म्हणजे आजारी नसलेल्या माणसाचं ऑपरेशन झालं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत पुन्हा सॅन अँटोनिओ. पहिल्या सामन्यात, जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी, ज्या डंकनसाठी एवढा खटाटोप केला त्याच डंकनने तीन गुणांचा शॉट मारला. अख्ख्या मोसमात त्याने तसा एकही घातला नव्हता! दुसऱ्या जादा वेळेत सन्स ११७-११५ असे हरले, मालिका ४-१ अशी गेली. समोरचे शॅकला मुद्दाम फाऊल करायचे, कारण फाऊलबद्दल मिळणारे फ्री थ्रो त्याचे जात नसत, आणि दर फाऊलला खेळ थांबायचा. पळणाऱ्या संघाला पळू न देण्याचा यापेक्षा सोपा उपाय नाही. डी’अँटोनी त्याच उन्हाळ्यात निघून गेले.

आता ज्यासाठी ही गोष्ट सांगतेय तो भाग. पुढच्या मोसमात शॅक बरा झाला. फिनिक्सचे फिजिओ आणि ट्रेनर त्या काळी नावाजलेले होते, मोडकळीला आलेला ग्रँट हिलही त्यांच्याच हाताखाली पुन्हा उभा राहिला. शॅक २००८-०९ मध्ये ७५ सामने खेळला, सरासरी १७.८ गुण, मारलेल्या दहा शॉटपैकी सहा आत. ऑल-स्टार सामन्यात कोबी ब्रायंटच्या बरोबरीने सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि तोही फिनिक्समध्येच. दुखापतग्रस्त तारा याहून चांगला बरा होऊ शकत नाही. आणि संघ? ४६ विजय, ३६ पराभव, प्लेऑफमध्येसुद्धा नाही. उन्हाळ्यात शॅकला क्लीव्हलँडला पाठवलं. पुढच्या वर्षी रॉबिन लोपेझ आणि चॅनिंग फ्राय अशा बिनताऱ्याच्या सेंटरांना घेऊन तोच नॅश पुन्हा पळाला आणि त्याच सॅन अँटोनिओला ४-० हरवून कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे फायनलच्या एक पायरी आधी, पोचला.

यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे ताई, नकोच घेऊ. थांबा. त्या फसलेल्या मोसमातच एक विचित्र आठवडा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये नवे प्रशिक्षक टेरी पोर्टर यांना काढलं आणि अल्विन जेंट्री यांनी पोरांना पुन्हा मोकळं सोडलं. सन्सने लागोपाठ तीन सामन्यांत १४०, १४२ आणि १४० गुण केले. शॅक त्याच संघात होता. म्हणजे संथ सेंटर असला की संघ पळूच शकत नाही, हेही खोटं. बरेचदा पाय बांधतो तो प्रशिक्षक. एवढा मोठा माणूस आणलाय तर त्याला चेंडू द्यायलाच हवा, या धाकाने तो सगळ्यांना थांबवतो. तुमच्या गार्डची भीती कावेरीपेक्षा तुमच्याबद्दल जास्त आहे, असं मला वाटतं. रागावू नका.

गुडघ्याचंही उदाहरण त्याच संघात आहे. अमारे स्टुडमायर, सन्सचा तरुण सेंटर. ऑक्टोबर २००५ मध्ये डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एसीएलचं नव्हे, कूर्चेचं, पण तेही मोठंच. त्याच्याविना संघाने बोरिस डियॉला सेंटरला खेळवलं, जो आधीच्या संघात गार्ड होता, आणि ५४ सामने जिंकले. अगदी तुमची यंदाची गोष्ट. मग मार्चमध्ये, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, अमारे परत आला. तीन सामने खेळला आणि बसला. मोसम संपला त्याचा. घाई बाजूला ठेवून पुढच्या वर्षी आला तेव्हा ८२ च्या ८२ सामने खेळला आणि संघाचे विजय ६१ झाले. तो संघाच्या खेळात बसला, शॅक बसला नाही, कारण अमारेचा खेळ मुळातच पळण्यातून उगवलेला होता. नॅशसाठी आड उभं राहायचं, सुटायचं आणि रिंगकडे धाव घ्यायची.

कावेरी कशी खेळते? तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘सगळा खेळ तिच्याभोवती फिरायचा’ यावरून अंदाज येतो. बोर्डाकडे पाठ, हात वर, ‘इकडे दे’. बाकी चौघी उभ्या. असंच असेल तर ती परत आल्यावर तिला तिची जुनी जागा द्यायची नाही. नवी द्यायची, आणि ती आताच ठरवून ठेवायची.

पण आधी गुडघा. या बाबतीत माझं ऐकू नका, तुमचंही ऐकू नका, तिच्या वडिलांचं तर मुळीच नको. एसीएलच्या ऑपरेशननंतर वळणं-थांबणं-उड्या असलेल्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, हे अभ्यासांतून दिसलंय. आणि पंचविशीच्या आतले खेळाडू खेळात परतले की त्यांच्यापैकी चारात जवळजवळ एकाला दुसऱ्यांदा तीच दुखापत होते, त्याच गुडघ्याला किंवा दुसऱ्या. तिचे नऊ महिने ऑक्टोबरअखेर भरतात. पण कॅलेंडर भरलं म्हणजे गुडघा भरला असं नाही. एका पायावरच्या उड्या मोजून घ्या, मांडीच्या स्नायूची ताकद मोजून घ्या. डावा पाय उजव्याच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. ‘हलक्या सरावाला परवानगी’ आणि ‘सामना खेळायला परवानगी’ यांत फार मोठं अंतर आहे. ते सर्जन आणि फिजिओकडून लेखी घ्या. तोंडी परवानगी वडिलांच्या कानापर्यंत जाईस्तोवर आकार बदलते.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता, त्याला यंत्र लागत नाही. फिजिओने उड्या मारायला हिरवा कंदील दिला की तिला बोर्डखाली उभी करा, चेंडू बोर्डावर मारा आणि तिला रिबाउंड घेऊ द्या. तुम्ही पाठ करून उभे राहा. बघायचं नाही, ऐकायचं. तुमचं कोर्ट सिमेंटचं असेल तर स्पष्ट कळतं. दोन्ही पाय एकदम टेकले तर एकच ‘धप्’. मनात भीती असेल तर ‘ध-धप्’. उजवा आधी, डावा मागून, चोरपावलाने. मी स्वतः घोटा मोडल्यानंतर कितीतरी महिने ‘ध-धप्’ करत होते आणि सगळ्यांना सांगत होते की ठणठणीत आहे. डोळ्यांना फसवता येतं, आवाजाला नाही. सलग वीस उड्या ऐका, आणि त्या सरावाच्या शेवटी, ती दमलेली असताना. ‘ध-धप्’ ऐकू आलं की पुढचं काही बोलायचं नाही, परत फिजिओकडे.

समजा सगळं जमलं. मग खेळात जागा कुठे? लोकांना वाटतं पळत्या संघात सेंटर म्हणजे पळत जाऊन लेअप मारणारी. ब्रेक सुरू कुठून होतो हे कुणी बघत नाही. तो रिबाउंडपासून सुरू होतो, आणि रिबाउंड घेऊन पहिला पास किती झटकन सुटतो त्यावर सगळं असतं. १९७७ च्या विजेत्या पोर्टलँडचा बिल वॉल्टन या कामातला उस्ताद होता. चेंडू हातात आला की पाय नीट टेकायच्या आधीच पास कडेच्या गार्डकडे निघालेला. स्वतः पुढे पळण्याची गरजच नाही, त्याच्या वतीने चेंडू पळायचा. कोर्ट २८ मीटरचं आहे. कितीही चपळ पोरगी चेंडूच्या वेगाने ते पार करू शकत नाही.

वॉल्टनचं नाव घेण्याचं दुसरंही कारण आहे. १९७८ मध्ये पोर्टलँड पहिल्या ६० पैकी ५० सामने जिंकून बसलं होतं, आणि त्याचा पाय गेला. प्लेऑफमध्ये वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो उतरला, नंतर पायाचं हाड मोडल्याचं निघालं. त्यापुढच्या चार मोसमांपैकी तीन तो एकही सामना खेळला नाही, उरलेल्या एकात फक्त १४. कधीकाळी लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस १९८५ मध्ये बॉस्टनला गेला आणि बाकावर बसायला तयार झाला. सामन्याला सरासरी १९ मिनिटं. त्या वर्षी तो ८० सामने खेळला, त्याच्या आयुष्यातले एका मोसमातले सर्वांत जास्त. बॉस्टन विजेतं झालं आणि त्याला सर्वोत्तम बदली खेळाडूचा किताब मिळाला. पुढच्या वर्षी पाय पुन्हा गेला आणि दहाच सामने झाले, हेही सांगून टाकते. बाकावर बसवणं म्हणजे विमा नव्हे.

तर माझं मत: घ्या, पण पहिल्या पाचात नाही. उन्हाळा जिंकून दिलेल्या पाचजणी सुरुवात करतील. कावेरी पहिल्या क्वार्टरच्या शेवटाकडे किंवा दुसऱ्यात उतरेल, समोरच्यांची धाप लागल्यावर, चार मिनिटांसाठी. इथे एक अडचण आहे जी कागदावर दिसत नाही. घड्याळ थांबल्याशिवाय बदली करता येत नाही, आणि पळत्या सामन्यात शिट्टी वाजता वाजत नाही. चाराची सात मिनिटं कधी होतात कळत नाही. म्हणून सहायकाच्या हातात वेगळं घड्याळ द्या. तीन मिनिटं झाली की बदलीची मुलगी टेबलाशी जाऊन बसलीच पाहिजे, आणि शिट्टी नाहीच आली तर टाइमआउट खर्च करा. पहिल्या हाफमध्ये दोनच असतात, ठाऊक आहे. त्यातला एक तिच्या गुडघ्याच्या नावाने बाजूला काढा.

ती कोर्टवर असताना प्रेस सोडायची गरज नाही. दोन-दोन-एक लावत असाल तर ती शेवटची एक. आपल्या बास्केटशी उभी, पुढे चौघी धिंगाणा घालतायत, कुणी निसटून आलीच तर समोर पाच फूट अकरा इंच. बुटक्या संघाच्या प्रेसमध्ये नेमकी हीच जागा उघडी असते. उन्हाळ्यात तुम्ही खाल्लेल्या सोप्या बास्केट आठवून बघा, निम्म्या तिथेच गेल्या असतील.

आणि आक्रमणात तिने सगळ्यांच्या मागून यायचं. तीन गुणांच्या रेषेशी थांबायचं, बास्केटसमोरच्या पेंटमध्ये धावत घुसायचं नाही. ब्रेकमध्ये बास्केट झाली तर ती आधीच परतीच्या वाटेवर आहे. नाही झाली तर चेंडू तिच्याकडे परत येतो आणि मग सावकाश खेळा. मॅजिक जॉन्सनचा लेकर्स संघ असाच चालायचा. पोरं पुढे सुसाट, सेंटर करीम अब्दुल-जब्बार मागून आरामात. १९८७ चं विजेतेपद आलं तेव्हा करीम चाळिशीचा होता.

तिचं खरं दुखणं पळण्यात नाही हे मुलींनाही समजावून सांगा. सरळ रेषेत धावणं गुडघ्याला बरंच सोसतं. त्याला नडतं ते एकदम थांबणं, पाय रोवून वळणं आणि कुणाच्या तरी धक्क्याने वाकडं खाली येणं. म्हणजे ब्रेकच्या शेवटी बास्केटखाली जी गर्दी होते तिथेच ती नको.

तिचे फ्री थ्रो कसे आहेत? लिहिलं नाहीत. वाईट असतील तर समोरचे तिला धरतील आणि तुमच्या गार्डचं वाक्य खरं ठरेल, आपण सगळे चालायला लागू, फ्री थ्रोच्या रेषेकडे. यासाठी ऑक्टोबरची वाट बघायला नको. फिजिओची हरकत नसेल तर आजपासून रोज शंभर, उडी न मारता.

वडिलांना फोनवर काही सांगू नका, घरी जा. कावेरी समोर असताना सांगा की ती पहिल्या पाचात नसेल आणि का नसेल. वडील चिडतील, चिडू देत. तुमच्या जागी मी असते तर माझं लक्ष कावेरीच्या चेहऱ्याकडे असतं. बाकावरची भूमिका नको असेल तर तिने तसं आत्ताच म्हणावं. त्यात तिचं काही चुकत नाही, पुढचा मोसम आहे. पण हिरमुसून ‘चालेल सर’ म्हणाली तर ते ‘नाही’ समजा.

त्याआधी एक काम. उद्याचा सराव संपला की तुमची गार्ड आणि कावेरी, दोघींनाच मागे थांबवा. कावेरीने उडी मारायची नाही. तुम्ही चेंडू तिच्या हातात द्यायचा, तिने उभ्या उभ्या वळून कडेला पास फेकायचा, गार्डने तो धावत्या पायांनी घ्यायचा. पन्नास वेळा. गार्डला कितीदा थांबावं लागलं ते मोजा, आणि तो आकडा मला कळवा.